लोखंडी माणसांचा रविवार

पाणी येण्याआधी त्याचा वास येतो. चैत्रात उन्हाळी आवर्तन सुटलं की कोरड्या पाटात पडलेला पाचोळा, चिंध्या, प्लास्टिकच्या पिशव्या पुढे ढकलत पाण्याचं तोंड येतं. तोंडच म्हणायचं त्याला, कारण ते वाटेतलं सगळं खात खात सरकतं. जळोचीला मुलाकडे राहायला आल्यापासून माझं शेत सुटलं, खोरं सुटलं. तरी सकाळी पाटाच्या कडेने फिरताना ते तोंड दिसलं की पाय घाई करतात. पायांना अजून वाटतं, आज आपली पाण्याची बारी आहे. मग ध्यानात येतं की घरी जाऊन रक्तदाबाची गोळी घ्यायची आहे, एवढीच काय ती आजची बारी.

पाण्याचे आणि परीक्षेचे दिवस आमच्याकडे लागूनच येतात. सूनबाईंनी नातवाचा मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे. आरुष सहावीत आहे. तो भूगोलाचं पुस्तक घेऊन माझ्या खोलीत येतो, दार लोटतो आणि माझा मोबाइल मागतो. मी देतो. एके काळी गावच्या शाळेच्या सभेत उभं राहून, 'टीव्ही म्हणजे परीक्षेच्या दिवसांत घरात आणून बांधलेलं जनावर' असं भाषण ठोकणारा माणूस मीच. आता विरोध करायचा तर त्यालाही अंगात जोर लागतो.

गेल्या महिन्यात एका दुपारी तो माझ्या पलंगाच्या पायथ्याशी बसून काहीतरी बघत होता. आवाज अगदी बारीक. मी डोळे मिटून पडलो होतो. त्या बारीक आवाजात एक खरखर आली, पत्र्यावर पत्रा घासावा तशी, आणि माझे डोळे उघडले. पडद्यावर डोंगर कोसळला होता. दगडांखाली दोन लोखंडी माणसं अडकली होती, एक पिवळा आणि एक तांबडा. दोघे कुठल्याशा परक्या ग्रहावरचे, दोन वैरी टोळ्यांतले. पिवळ्याने आपल्या छातीचं झाकण उघडलं आणि आतून एक वायर ओढून काढली.

मी उठून बसलो. मला ते दोघे चंदेरी आणि काळा म्हणून ठाऊक होते. आमचा टीव्ही रंगीत नव्हता.

"हे कुठं सापडलं रे तुला?"

"लय जुनंय आबा. बघा की, चित्र कसलं भंगार. पण फाइट चांगलीय."

"ह्याचा पुढचा भाग असंल."

"आहे ना. लावू?"

लाव म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, "भूगोल वाच."

त्या दगडांखाली पुढे काय झालं, हे मला तीसहून अधिक वर्षं ठाऊक नव्हतं. आणखी एका माणसाला ठाऊक नव्हतं. ती माझी पुतणी, सुनंदा. तिला सोडून मी एकट्याने ते बघणं बरं नव्हतं. आधीच मी तिला एकदा सोडून दिलेलं आहे.

तेव्हा आम्ही सणसरला होतो. मी थोरला, गाव मला तात्या म्हणायचं. धाकटा महादू. चुली दोन, पण शेत एक आणि पाणी एक. एका दिवाळीला महादूने टीव्ही आणला आणि मी आठ दिवस त्याच्याशी बोललो नाही. शाळेच्या समितीवर होतो, पंचांत बसत होतो, माझ्याच घरात असं डबडं यावं याची मला लाज वाटली. महादूच्या सोप्यात पाऊल टाकायचं मी बंद केलं. जेवायला बोलावलं तरी अंगणात बसायचो. माझ्या या ताठपणाचं गावात कौतुक झालं, आणि ते मला फार आवडलं. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथे असावं.

पिकाला पाणी देण्याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. खोऱ्याने सरीचं तोंड फोडायचं, सरी भरली की तीच माती ओढून ते बुजवायचं, पुढच्या सरीचं फोडायचं. दिवसभर तेवढंच. पायाची बोटं पांढरी पडतात, तळव्यांना सुरकुत्या येतात, पाठीवर ऊन आणि घोट्यापाशी गारवा. काम अवघड नाही. एकच नेम आहे, दारावरच्या माणसाने दार सोडून जायचं नाही.

फाल्गुनातल्या एका रविवारी मी तंबाखूची डबी विसरलो म्हणून मळ्यातून घरी आलो. पाणी तेव्हा नव्हतं, नुसती बांधबंदिस्ती चालली होती. महादूच्या खिडकीवरून जाताना ती पत्र्याची खरखर ऐकली आणि मान वळली. एक लोखंडी माणूस उभा राहत होता. नुसता उभा राहत होता. गुडघा, मांडी, कंबर, एकेक सांधा कुरकुरत सरळ होत होता, आणि तो कुरकुरण्याचा आवाज मला इतका ओळखीचा वाटला, की खोरं खांद्यावर तसंच ठेवून मी खिडकीशी थांबलो. पंचेचाळिशीचा बाप्या माणूस.

आत सुनंदा एकटीच होती. सातवीत. परीक्षा म्हणून तिला अभ्यासाला घरी ठेवून बाकीची घरातली माणसं रानात गेली होती. मला बघून ती दचकली नाही.

"तात्या, खिडकीतनं मान दुखंल. आत या. पर पाय धुऊन या, मी आत्ताच सारवलंय."

मी गेलो नाही. पुढच्या रविवारी गेलो. त्याच्या पुढच्या रविवारी तिने माझ्यासाठी पोतं अंथरून ठेवलं होतं.

लोखंडी माणसं हिंदीत बोलायची. माझी हिंदी बाजारातली, सुनंदाची शाळेतली. ती मला सगळं समजावून सांगायची.

"त्यांचा गाव तिकडं आभाळात हुता तात्या. भांडून भांडून जाळून टाकला. आता हितं येऊन भांडत्यात."

"कशापायी?"

"डिझेलवानी कायतरी आसतंय त्यांचं. ते संपलं की मरत्यात."

"मंग वाटून घ्यावं की."

"वाटून घेतल्यावर कार्टून संपंल की तात्या!"

मी हसलो होतो. मळ्यात, पंचांत, शाळेत मी फारसा हसत नसे. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारत नव्हतं, निवाडा मागत नव्हतं. उठताना मी म्हणालो, "सुने, हे कुणाला सांगू नगं." ती म्हणाली, "मी कशाला सांगू? मला तरी अभ्यासालाच ठेवलंय न्हवं?" आणि टीव्हीवर पुन्हा तिच्या आईचं विणकाम पांघरलं.

नंतर चैत्रात आवर्तन सुटलं आणि आमची बारी नेमकी रविवारी सकाळी आली. उसाला दारं धरायला मी होतो. उसाच्या खालच्या अंगाला बांधापलीकडे केरबाचं रान. केरबा माझ्याच वयाचा, आमचा बांधभाऊ. त्याने गहू कापून पेंढ्या बांधालगतच्या खळ्यावर रचल्या होत्या. मळणी यंत्राला त्याचा नंबर दोन दिवसांनी होता.

वेळ झाली तसं माझं लक्ष उडालं. मागच्या रविवारी लोखंडी माणसं डोंगराच्या कपारीत शिरली होती आणि वरून दगड सुटले होते. मी एक हिशोब केला. सरी भरायला किती वेळ लागतो ते दारं धरणाऱ्याच्या अंगात असतं, घड्याळ लागत नाही. दोन सऱ्या एकदम फोडल्या की पाणी निम्मं निम्मं वाटलं जातं आणि भरायला दुप्पट वेळ लागतो. तेवढ्यात जाऊन येता येतं. आळशी माणसं हे करतात हे मला ठाऊक होतं, पंचांत बसून मी त्यावरून दोघांना झापलेलंही होतं. मी तीन सऱ्या फोडल्या आणि घरी गेलो.

पाय धुतले. पोत्यावर बसलो. दगडांखाली ते दोघे. काळ्याचे डोळे विझत आले होते. चंदेरी त्याच्याकडे बघत होता. त्याने छातीचं झाकण उघडलं. सुनंदाने माझ्या बाहीला धरलं. "तात्या, तो त्याचं त्याला देतोय," ती हळूच म्हणाली. वायर निघाली, काळ्याच्या छातीपर्यंत गेली, आणि पडदा थांबला. उरलेलं पुढच्या रविवारी.

मी बाहेर आलो तेव्हा केरबाच्या हाका ऐकू येत होत्या.

खालच्या सरीला घुशीचं बीळ होतं. पाणी त्यातून बांधाखाली शिरलं, बांध खचला आणि आमच्या बारीचं सगळं पाणी केरबाच्या खळ्यात गेलं. भिजलेल्या गव्हाला एक वास असतो, मळून ठेवलेल्या कणकेसारखा. भुकेच्या वेळी चांगला वाटावा असा वास. तो मी अजूनही सहन करू शकत नाही. घरात पोळ्यांची तयारी सुरू झाली की मी फिरायला जातो.

केरबा गुडघ्यापर्यंत चिखलात भरून आमच्या अंगणात आला. महादू तेवढ्यात बैल सोडून आला होता. चार शेजारी जमले.

"दारावर कोण हुतं?" केरबाने विचारलं.

पाणी दुसऱ्याच्या रानात गेलं की आमच्याकडे हाच पहिला प्रश्न असतो. नुकसान मागून बघतात. जो दारावर होता त्याने पुढे यायचं, 'मी होतो, माझं चुकलं' म्हणायचं. समोरचा चार शिव्या देतो. मग दोन्ही घरची माणसं मिळून पेंढ्या उलटायला जातात. इतकं सोपं होतं.

"मीच हुतो," मी म्हणालो. "दारावरच हुतो. घुशीनं बीळ पाडलेलं. माझ्या डोळ्यांदेखत बांध खचला. आता घुशीला काय करणार?"

"तात्या, मी धा हाका मारल्या. दारावर चिटपाखरू नव्हतं."

महादू तापट. तो पुढे झाला. "म्हंजे आमचा तात्या खोटं बोलतोय?"

"मी काय म्हणलो ते म्हणलो."

महादूने त्याची गचांडी धरली. केरबाच्या हातात खोरं होतं. शेजारी मध्ये पडेनात, कारण कुणाच्या बाजूने पडावं ते त्यांना कळेना. तेव्हा सोप्याच्या दारातून सुनंदा बापाला म्हणाली. हातात कंपासपेटी होती.

"आप्पा, सोडा त्यांना. तात्या आपल्या घरात हुते. लोखंडी माणसांचं कार्टून बघत. माझ्याशेजारी बसले हुते."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि सगळे हसले. केरबासुद्धा हसला. "तात्या आन् कार्टून!" त्या हसण्याने भांडणातली धग गेली. महादूने केरबाला सोडलं, वळला आणि सुनंदाच्या कानाखाली वाजवली. "थोरल्या चुलत्यावर आळ घेतीस?"

त्या वेळी मी जे म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. ते लिहिण्यासाठीच बसलो आहे.

"मारू नगं रं तिला. लेकराचा दोष न्हाय. त्या डबड्यानं डोकं बिघडलंय तिचं. खरं काय, खोटं काय, कळंना झालंय."

माझा आवाज मायेचा होता. खरोखर मायेचा. अजून कानात आहे. सुनंदा रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली; मला एखादा हिंदी शब्द कळला नसला की ती समजावून सांगायच्या आधी बघायची, तशी.

टीव्ही त्याच दिवशी पोत्यात गुंडाळून माळ्यावर गेला. उन्हाळ्यात महादूने तो विकला. पुढच्या रविवारी, त्या वेळेला, मी उसात दारावर उभा होतो आणि एकाही सरीवरून हललो नाही. आता हलायला काही उरलं नव्हतं.

गाव काही विसरलं नाही, फक्त उलटं लक्षात ठेवलं. सुनंदा काही सांगू लागली की कुणीतरी विचारायचं, "लोखंडी माणसं दिसली का गं?" मांजर दूध प्यायलं असं म्हणाली, तरी तेच. मास्तर आज आले नाहीत म्हणाली, तरी तेच. सगळे मायेनेच चिडवत. तीही हसायची. पण हळूहळू तिच्या प्रत्येक बोलण्याला एक शेपूट लागलं. "गिरणी बंद हाय, विचारा हवं तर." "एसटी चुकली, विचारा हवं तर." साक्षीदार असल्याशिवाय ती वाक्य संपवेना. आमच्या घरात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. बोलायची लकब, असं सगळे म्हणायचे. मी मात्र ते शेपूट वाढताना बघत होतो.

दहावीच्या परीक्षेचा उन्हाळा. गणिताचा पेपर देऊन आली तेव्हा खुशीत होती. निकाल लागला आणि गणितात नापास. ती म्हणाली, "मी पुरवणी जोडली हुती. दोऱ्यानं बांधून दिली हुती. ती कुठंतरी सुटली असणार. तात्या, तुमी पुण्याला बोर्डात जाऊन अर्ज द्या. माझ्या पुढच्या बाकावरच्या पोरीनं बघितलंय, विचारा हवं तर." घरात अर्ज-फाटे करणारा मीच होतो. महादूने माझ्याकडे बघितलं आणि हसून म्हणाला, "लोखंडी माणसांनी नेली असंल पुरवणी."

मी खाली मान घालून सुपारी कातरत होतो. कातरतच राहिलो. गेलो असतो आणि पुरवणी सापडली असती, तर तिचं बोलणं खरं ठरलं असतं. मग मागचंही कुणी उकरून काढलं असतं. तेवढ्यासाठी मी पुण्याला गेलो नाही. ती पुरवणी खरंच गहाळ झाली होती का, मला आजही ठाऊक नाही. सुनंदाची शाळा मात्र संपली.

म्हातारपणी माणूस आपल्या चुका चाळून बघतो. बऱ्याचशा भुसकटासारख्या उडून जातात. मी भांडलो आहे, बांध कोरले आहेत, एका मेव्हण्याशी दहा वर्षं बोललो नाही. ते सगळं उडालं. हे एक वाक्य तेवढं चाळणीत राहिलं आहे. चोरी नाही, मारहाण नाही. कुणाला सांगायला गेलो तर म्हणतील, तात्या, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. एवढीशी होती म्हणूनच दर वर्षी ती पुढच्या वर्षावर टाकता आली.

तीन वर्षांपूर्वी महादू गेला. त्याआधी सुनंदा माहेरी आली होती, तेव्हा म्हणाली, "आप्पांचं डोळं पिवळं दिसत्यात." महादू खाटेवरून मला म्हणाला, "बघ तात्या, हिला परत कायतरी दिसाय लागलं." आम्ही दोघे हसलो. मीसुद्धा. महिन्याभराने डॉक्टरांनी तेच सांगितलं. महिना आधी कळलं असतं तर काही फरक पडला असता का, असं मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. ही पुरवणीही तशीच राहिली. शेवटच्या दिवसांत मी त्याच्या उशाशी बसायचो. सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी त्याचं पांघरूण नीट करायचो.

आरुषचा शेवटचा पेपर झाला, त्यानंतरच्या रविवारी मी त्याला म्हणालो, "चल, बावड्याला आत्याकडं जाऊ. फोन घे. ते कार्टून त्यात ठेव." तो खूश झाला, म्हातारा अखेर सुधारला असं त्याला वाटलं असावं.

सुनंदाचं सासर बावड्याचं. नवरा सरळ माणूस. दोघांनी ऊसरोपांची रोपवाटिका उभी केली आहे. हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे मांडलेले, तुषारांची बारीक फसफस, नारळाच्या ओल्या भुशाचा वास, आणि सावलीला बसून ट्रे भरणाऱ्या चार बायका. एक शेतकरी रोपं बघत होता. सुनंदा त्याला सांगत होती, "कोवळी न्हाईत दादा, महिना उलटून गेलाय. विचारा हवं तर ह्या बायांना." केस पांढरे झाले आहेत तिचे. शेपूट तसंच.

तो गेल्यावर मी तिच्याजवळ स्टुलावर बसलो. बोलायचं ठरवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "सुने, त्या रविवारी मी तुमच्या घरात टीव्ही बघत हुतो."

ती ट्रेमध्ये भुसा दाबत होती. हात थांबला नाही.

"मला कशाला सांगताय तात्या? मला ठाऊक हाय की. मी तितंच बसले हुते."

मी एक रिकामा ट्रे तिच्याकडे सरकवला.

"ज्यांना ठाऊक न्हाय त्यांना सांगा," ती म्हणाली. मग एक ट्रे पुरा झाला, दुसरा ओढला. "आप्पांना सांगायचं हुतं."

ट्रे भरणाऱ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. मी खाली सांडलेला भुसा गोळा करू लागलो. शेवटी तिनेच पदराला हात पुसले. "काय आणलंय फोनमदी ते दाव रं आरुष."

आम्ही तिघांनी तळहाताएवढ्या फोनवर ते बघितलं. वायर काळ्याच्या छातीला लागली. त्याचे डोळे पेटले. दोघांनी मिळून दगड हटवला, उजेडात आले, अंगावरची धूळ झटकली, आणि पुढच्याच मिनिटाला एकमेकांच्या अंगावर धावून गेले.

"एवढंच व्हय?" सुनंदा म्हणाली.

"आत्या, पुढं अजून लय फाइट आहे!"

"नगं बाबा." ती हसली. "एवढ्यासाठी मार खाल्ला म्हणायचा मी." हसता हसता तिने फोन आरुषला दिला आणि उठून पाण्याचा कॉक बघायला गेली. जेवूनच जा म्हणाली. आम्ही जेवलो. माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. त्या शब्दाचं ओझं पुन्हा तिच्यावरच टाकल्यासारखं झालं असतं.

परतताना एसटी सणसरला थांबली आणि मी आरुषला घेऊन उतरलो. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांच्यापैकी उरलाय कोण? केरबा. तो संध्याकाळी फाट्यावरच्या हॉटेलात बसलेला असतो. होताच. शेजारच्या बाकड्यांवर पाच-सहा जण, काही केस पिकलेले, काही नवे.

"आलास व्हय रं तात्या," केरबा म्हणाला. "मला वाटलं, जळोचीच्या हवेनं आमाला विसरलास."

चहा येईपर्यंत मी थांबलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दारावर मी नव्हतो. तीन सऱ्या एकदम फोडून घरी गेलो होतो. महादूच्या सोप्यात बसून लोखंडी माणसांचं कार्टून बघत होतो. पोरगी खरं बोलत होती, मी खोटं बोललो.

केरबाने मला नीट ऐकून घेतलं. मग बशी खाली ठेवली.

"दारावर तू नव्हतास ते मला तवापासनं ठाऊक हाय. झोपला असशील झाडाखाली. झोपतो माणूस. पर कार्टून?" तो बाकीच्यांकडे वळला. "ह्यो तात्या! ह्यानं शाळेत टीव्हीवर भाषण दिलेलं. ह्यो बघंल कार्टून?" हॉटेल हसलं. तोही हसला, आणि माझ्या दंडावर थोपटलं. "पुतणीचं नाव साफ करायला निघालास व्हय म्हातारपणी? चांगलं हाय. पर खोटं बोलाय तुला जमत न्हाय रं."

त्याचा आवाज मायेचा होता.

मी पुन्हा सांगितलं. चंदेरी, काळा, वायर, पोतं, सारवलेली जमीन. जितकं सांगत गेलो तितकं ते खोटं वाटू लागलं. माझं मलाच ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, "बसा तात्या, ऊन लागलं असंल." आरुष माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बसलो. गुडघे कुरकुरले. सुनंदा एवढी वर्षं रोज कुठे उभी होती, ते मला फाट्यावरच्या त्या बाकड्यावर कळलं. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं,

"विचारा हवं तर सुनंदाला."

केरबा हसायचा थांबला. डोळे बारीक करून त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. "लाव फोन."

आरुषने लावला, आवाज मोठा केला, फोन बाकड्यावर चहाच्या कपबश्यांच्या मधोमध ठेवला.

"सुने, केरबानाना बोलतोय, सणसरनं. तुझा तात्या हितं बसलाय. म्हंतोय, त्या दिशी तो तुमच्या घरात कार्टून बघत हुता."

पलीकडे तुषारांची फसफस ऐकू आली. कुणीतरी ट्रे ठेवल्याचा आवाज.

"व्हय नाना," सुनंदा म्हणाली. "माझ्याशेजारी बसले हुते."

हॉटेलात कुणी हसलं नाही. पुढचे तीन शब्द येतील म्हणून मी वाट बघत होतो. फोनमधून नुसता पाण्याचा आवाज येत राहिला. ती ते म्हणाली नाही.